वरची जागा

मिरजेत, सतारमेकर गल्लीत, मुनीर शिकलगारच्या दुकानात
भोपळे टांगलेत छताला. त्यांच्याखाली
आम्ही चौघं साठीला टेकलेले
आणि बिसुरेची पुतणी गार्गी, बाविशीतली,
कालच्या रात्रीचा पंचनामा करत बसलोय.

रुबेन आवळे. वय एकोणसत्तर.
मिशन हॉस्पिटलच्या चाळीत वाढलेला,
रविवारी चर्चमध्ये पेटी धरायचा,
सोमवारी तीच बोटं गिटारीवर रक्ताळायची.
काल सांगलीत मैदानावर शेवटचं म्हणून गायला.
'तिसऱ्यांदा शेवटचं,' बिसुरे म्हणतो.

वृषभ मगदूमचा मुद्दा सरळ आहे:
माणूस सत्त्याऐंशी सालीच संपला.
'फ्यूज'ची पहिली कॅसेट, हिरव्या कव्हरची,
ती एक खरी.
मग खताच्या जाहिरातीत गायला,
आमदाराच्या वाढदिवसाला गायला,
कारखान्याच्या मोळीपूजनाला, ड्रमसेटसकट.
'मोळीपूजनाला, मुनीर! गव्हाणीशेजारी उभा राहून!'
घोगऱ्या आवाजात हे तो सकाळपासून
चौथ्यांदा सांगतोय.

बिसुरे बँकेतला. जमेची बाजू आधी मांडतो.
बेचाळीस वर्षं, अकरा कॅसेटी, चार सीड्या,
दोन ड्रमर वारले, एक जर्मनीला गेला, हा राहिला.
'मुद्दल सोडा, नुसतं व्याज धरा.'
मुद्दल कुठलं, हे मात्र सांगत नाही.

मी काय बोलणार.
माझी हिरवी कॅसेट महापुरात कपाटासकट बुडाली.
पाणी उतरल्यावर रीळ उलगडून
अंगणात तारेवर वाळत घातली,
बायको म्हणाली, शेवया घातल्यात काय?
वाळली. वाजलीसुद्धा.
पण रुबेनच्या आवाजाखाली तेव्हापासून
काहीतरी खळखळत असतं सारखं,
आणि खरं सांगायचं तर
त्या खळखळीशिवाय ते गाणं कसं होतं
मला आता आठवत नाही.

भांडण मात्र एकाच क्षणाचं.
शेवटच्या गाण्यात आवाज चढत जातो,
चढत जातो, आणि तार सप्तकात
तापल्या कढईतल्या लाहीसारखा फुटतो,
त्या वरच्या जागेला रुबेन थांबला
आणि माईक आमच्याकडं फिरवला.

'पळाला,' मगदूम म्हणाला.
'वयाला धरून वागला,' बिसुरे.
गार्गी इतका वेळ मोबाइलमध्ये होती.
'काका, तुम्ही त्याला ऐकायला गेला होता
की त्याची उंची मोजायला?'
मग जरा थांबून म्हणाली,
'मी ती कॅसेट ऐकलीच नाही कधी.
ती जागा मी काल पहिल्यांदा ऐकली,
चार हजार लोकांच्या तोंडून.
तो एकटा तिथं कसा वाटत असेल,
मला काही केल्या डोळ्यांपुढं येत नाही.'

कुणी काही बोललं नाही.
मुनीर तंबोऱ्याची जवारी काढत होता,
घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची,
पुन्हा कानस.
त्याच लयीत म्हणाला,
'काल दुपारी गिटारी मीच उतरवल्या.
काळी चारचं गाणं पांढरी चारवर.
मैदानात खुर्च्या मांडणारी पोरं, मी, एक कुत्रं.
तिथं त्यानं ती जागा घेतली.
फाटली थोडी. पण लागली.'

'लागली?'
'लागली.'
'मग रात्री का नाही घेतली?'
'मी विचारलं नाही,' मुनीर म्हणाला,
तार छेडली, कान लावला,
आणि अजून पसंत न पडल्यासारखा
पुन्हा कानस उचलून बसला.

मगदूम ताडकन उठला. हात वर केला,
तोंड उघडलं, आवाजच फुटेना.
सकाळपासून बसलाय त्याचा घसा,
दोनदा गरम पाणी मागवून झालं,
मिठाच्या गुळण्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन करतोय.
कशानं बसला, आम्ही विचारलं नाही.
काल चौथ्या रांगेत
तो माझ्या शेजारीच उभा होता.