सतराचा पाना

खडेबाजारात अंगडींच्या काउंटरवर
मी चिंधी सोडली. पाच जुने नट.
सालू मिस्त्रीनं यादी लिहून दिली नाही, हात कापतात त्याचे.
म्हणाला, "बाई, मापं तोंडानं सांगू नका. हेच दावा."

अंगडींनी पहिला बोटांत फिरवला.
"हदिनेळु." मग माझ्याकडे बघून, "सतरा."
पाना नटावर बसला, दोघांनी मान हलवली.
दुसरा एकोणीस. तिसरा तेरा. पाचवा परत तेराच.
चौथ्याचे कोपरेच गेलेले,
माझ्या दिरानं पक्कड लावून लावून गोल केलेला.
तो मी परत चिंधीत बांधला,
दिराला दाखवायला.

मग त्यांनी एक निळा स्क्रू पाना पुढं सरकवला:
"हा न्या. सगळ्याला एकच."
स्वस्त होता, खरं जबडा हलत होता.
आमच्या गावात असा सगळ्यांना चालणारा माणूस एक आहे.
कुठलाच नट तो घट्ट करत नाही.

रिंग पाने घेतले, सुटे, तीनच.
लांब दांड्याचा एक पेचकस.
हातोडी एक पौंडी, खांद्याला विचारून.

राहिली टॅपेटची फट.
फट चिंधीत बांधून कशी आणायची?
सालूनं तिच्यासाठी पोस्टकार्डाची पट्टी दिली होती,
तेल पिऊन काचेसारखी झालेली.
तीस वर्षं हीच सरकवून बघायचा,
अडकते का, निसटते का.
अंगडींनी ती व्हर्नियरमध्ये धरली, चष्मा कपाळावर नेला:
"पाव मिलिमीटर. बरोब्बर आहे की हो!"
तरी मी गेज घेतलं. कागद तो कागद.

जांबोटीच्या बसमध्ये, मांडीवर जड पिशवी,
पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली.
तेलातून अर्धी ओळ दिसली, कुणीतरी गोव्याहून लिहिलेली:
"सालू, तू आला नाहीस तरी"
पुढचं दुसऱ्या तुकड्यावर असेल,
दुसऱ्या कुठल्या गावच्या इंजिनापाशी.

रात्री, भात गिरणीत, कंदील दिरानं धरला.
डिझेलच्या नळीचा नट सतरानं अर्धा फेरा सैल केला.
आधी फेस. मग बुडबुडे.
मग डिझेल, सरळ, बोटावर गार.
आवळला. दिराला म्हटलं, मारा हँडल.
चौथ्या नटाचं उद्या बोलू.