पाच किलो साखर

एका दुकानातून सगळी घ्यायची नाही,
इनासभाऊंनी आधीच बजावलं होतं.
म्हणून जुबैलच्या ऑगस्टात तीन बकाले फिरलो,
चष्म्यावर वाफ, शर्ट पाठीला चिकटलेला.
तिसऱ्यात कुन्हाप्पूने विचारलंच,
एवढी साखर? काय रे, लग्न आहे खोलीत?
मी म्हणालो, मुलगी झाली.
तोंडातून गेलं.
त्याने एक पुडा वर ठेवला, पैसे घेतले नाहीत,
आणि नाव विचारलं.
मधुरा, म्हणालो. हातात साखरच होती.

इनासभाऊ वसईचे, पाइप फिटर,
मोजमाप ओठांवर.
वीस लिटरचा पाण्याचा कॅन, पाच किलो साखर,
उरलेला पुडा चहाला.
पाणी किती गरम, विचारलं तर म्हणाले,
तान्ह्या पोराला आंघोळ घालतात तेवढं.
कोपर बुडवून बघ.
मी बुडवलं.
मला काय माहीत तान्ह्याचं पाणी!
लग्नाला नऊ वर्षं, त्यातली घरी
सगळी मिळून दहा महिने.

मग पावाचं यीस्ट भुरभुरलं, झाकण नाही लावायचं, फुटेल.
तोंडावर दवाखान्यातला रबरी हातमोजा,
करंगळीला टाचणीचं एक भोक.
कॅन फिरोज मुकादमच्या खाटेखाली,
कांद्याच्या गोणीआड.
फिरोज पीत नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं
आणि म्हणाला, मी काही बघितलं नाही.

तिसऱ्या रात्री हातमोजा उठला.
आधी अंगठा, मग एकेक बोट,
काळोखात पांढरा पंजा,
शाळेत हजेरीला वर करावा तसा.
एसीच्या घरघरीत कान लावला तर
आत बारीक बुडबुडे,
कुणी झोपेत ओठ चाळवावेत तसे.
सकाळी ड्युटीला निघताना फिरोजच विचारायचा,
श्वास चालू आहे ना?

पुढचं अर्धं शिकायचं राहिलं.
कुकर होता, तांब्याची नळीही साइटवरून आणलेली.
एवढंच कळलं होतं की पहिली कपभर धार फेकायची,
ती विषारी, तिथे हावरटपणा नको.
नवव्या दिवशी इनासभाऊंना यानबूला हलवलं,
तासाभराची नोटीस.
बॅग भरताना खाटेखाली वाकून
त्यांनी पंजाला हात मिळवला
आणि बस आली.

अकराव्या दिवशी बोटं पडली.
चमचाभर चाखलं.
आंबट, पावाच्या वासाचं, पाणचट.
गोडीचा मागमूस नाही.
पाच किलो, मी स्वतः ओतलेली,
कुठे गेली?

रात्री दोनला मोरीत ओतलं,
गुडगुड होऊ नये म्हणून कॅन तिरका धरून.
बराच वेळ लागला.
फिरोज बॅटरी धरून उभा होता,
बघायचं नाही म्हणून डोळे मिटून.
हातमोजा धुतला. फेकता आला नाही,
पासपोर्टच्या झेरॉक्सजवळ ठेवलाय.

त्याला आता दीड वर्ष झालं.
साबण घ्यायला गेलो तरी
कुन्हाप्पू गल्ल्यावरून विचारतो, मधुरा कशी आहे?
काल म्हणालो, चालायला लागली.
तो इतका हसला,
की सुटे पैसे मोजायचे विसरला.
मीही विसरलो.