इस्त्री, पावती क्रमांक ११७

साउथॅम्प्टनच्या गोदीत सकाळी साडेदहाला
पट्टा सुरू होतो.
त्याआधी मी चहा संपवते, चष्मा पुसते,
मग दोन हजार बॅगा
एकामागून एक माझ्यासमोर कपडे उतरवतात.

पडद्यावर लोखंड निळं दिसतं.
पाव नारिंगी,
साबण नारिंगी, चीज नारिंगी,
आणि ज्याच्यासाठी मला इथे बसवलंय
तेही नारिंगीच.
वीस मिनिटं बघायचं, मग खुर्ची सोडायची.
डोळा फसतो, असं नियमात लिहिलंय.
मन फसतं त्याचं काही लिहिलेलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी दिवसभर मुठींच्या आत बघते,
सव्वा लाख कुठेच नसतात.
चार जोड बूट, गरम पाण्याची पिशवी,
माउथवॉशच्या बाटलीत हिरवा रंग घालून जिन,
लग्नाच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या,
एक्स्टेन्शन कॉर्ड,
किटली,
पुन्हा किटली.
आमचा माणूस समुद्रावर जाताना
एखादवेळी बायको विसरेल.

यादी तशी सोपी आहे:
जे तापतं ते नको, जे पेटतं ते नको.
तरी रांगेतल्या प्रत्येक तोंडावर
चोराच्या मनातलं चांदणं,
ज्यांच्याकडे काहीच नसतं
त्यांच्या तोंडावर जरा जास्तच.

त्या मंगळवारी पडद्यावर एक होडी आली.
निळी, टोकदार नाळ, सपाट तळ,
सुती शर्टांच्या नारिंगी पाण्यावर
अगदी स्थिर.

"बॅग तुमची?"
"माझीच."
ऑल्विन टट, वय एक्क्याऐंशी.
कॉलर अशी, की बोट लावलं तर कापेल.
"सर, इस्त्री चालत नाही."
"ठाऊक आहे. म्हटलं, विचारून बघावं."

एकतीस वर्षं तो याच गोदीतून निघालेल्या
जहाजांच्या पोटात होता, धुलाईखान्यात,
जिथे खिडकी नसते.
वेटरांची पांढरी जाकिटं, कप्तानाच्या विजारी.
डर्बन, सिडनी, न्यूयॉर्क
सगळी बंदरं त्याने वाफेतून नुसती ऐकलेली.
आता पहिल्यांदाच तिकीट काढून,
बाल्कनीची खोली.

मी भांडणाची तयारी केली.
लोक म्हणतात, मी कोण आहे माहीत आहे का,
म्हणतात, मागच्या वेळी कसं चाललं.
तो म्हणाला, "नियम बरोबर आहे.
एका पोऱ्याने एकदा गरम इस्त्री पालथी ठेवली,
टॉवेलांवर.
समुद्रात धुराला जायला जागा नसते, पोरी.
तो माणसांतच राहतो."
मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.
मला खूप वर्षांनी कोणी पोरी म्हटलं.

पावती फाडली. एकशे सतरा.
वायर त्याने स्वतः गुंडाळली, आठाच्या आकड्यात,
शेवटचं टोक आत खोचून.
"उभी ठेवा, एवढंच. पालथी नको."
मी ती दोन किटल्यांच्या मधे उभी केली.
येता-जाता नजर जायची,
पहारेकऱ्यासारखी दिसायची.

जहाज नॉर्वेला जाऊन परत आलं.
तो उतरला तेव्हा शर्ट असा,
की दोन आठवडे त्यात दुसरंच कोणी झोपलं असावं.
पावती खिशातून काढली,
तिला मात्र घडी नव्हती.
इस्त्रीच्या तळावरून अंगठा फिरवला.
"चौदा दिवस," तो म्हणाला,
"एका माणसाने बघितलं नाही."
"वाईट वाटलं?"
"पहिले तीन दिवस."

इस्त्री काखेत घेऊन तो बाहेर गेला,
कोंबडी घेऊन बाजारातून निघावं तसा.
मागे कोणीतरी किटलीवरून आवाज चढवत होतं.

त्या रात्री मी युनिफॉर्मला इस्त्री केली,
उभी ठेवली,
बटण बंद केलं,
आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन
पुन्हा एकदा बघितलं.