बिनकामाचं बोट

लोखंडे सरांचं दुकान इंदोऱ्यात.
पाटीवर कूलर-मोटार वाइंडिंग,
आत खिळ्याला गिटार,
निळी, कडेला टवका उडालेली.

मार्च संपला की माणसं जळलेल्या मोटारी
पिशवीत घालून आणायची,
आजारी कोंबडी आणावी तशी, तोंड उघडं ठेवून.
सर म्हणायचे, ठेव तिथं, पाहू.
सातनंतर ते शटर अर्धं खाली ओढत
आणि मला शिकवत.

पहिल्या दिवशी मी एक तार छेडली,
सहाही बोलल्या.
"आयकलं? एकीले हाक मारली
अन् सारी गल्ली बाहेर आली."

मग दोन महिने मी काही वाजवलंच नाही.
उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवायची.
जरा पुढं सरकली की सूर मरतो,
जरा मागं राहिली की तारा बडबडतात,
मध्ये कुठंतरी ज्वारीच्या दाण्याएवढी जागा,
आणि नेमकी तिथंच घाम.
डाव्या हाताचं जे बोट दाबतं
त्याचं टोक वरच्या शेजारणीला हळूच लावायचं,
पोट खालच्या शेजारणीवर सैल सोडायचं.
"नुसतं टेकव. दाबशीन तं तेबी बोलन."

आई विचारायची, आज काय शिकलीस?
गप्प बसवायला.
कणीक मळता मळता ती म्हणाली,
त्याला महिन्याचे आठशे?
तुझ्या आत्यानं फुकट शिकवलं असतं.

सरांच्या डाव्या हाताची तर्जनी
पहिल्या पेरानंतर नाही.
मी कधी विचारलं नव्हतं.
एका संध्याकाळी लाईट गेली,
गल्लीतले सगळे कूलर एकदम थांबले,
आणि अँपची घरघर थांबली तेव्हा मला कळलं
की ती इतका वेळ चालू होती.
अंधारात सर बोलले.
पंखा फिरवून पाहत होतो, बटन चालू राहिलं.
आवाज काईच नाई झाला बरं,
काकडी कापल्यासारखा.
त्या रात्री बिनाकीत प्रोग्राम होता. दुसरा पोरगा गेला.

सहा महिने गिटार खिळ्यावर.
मग एकदा धूळ पुसायला घेतली, झोपेत असल्यासारखी,
थोटूक तारांवर पडलं
अन् सारं चूप.
"तसं चूप मले दहा बोटांनं जमलं नव्हतं."

तेव्हापासून ते तीन बोटांनी वाजवतात.
चौथं वाजवत नाही.
ते आडवं पडून असतं, दारात बसलेल्या
म्हाताऱ्यासारखं,
कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याला माहीत,
कोणाला आत सोडायचं नाही तेही.

चौदा एप्रिलच्या रात्री मी पहिल्यांदा स्टेजवर.
मागं जनरेटर धडधडतोय
आणि त्याच्यासोबत माझी सगळ्यात जाड तार
आपोआप गुणगुणतेय, कोणी न छेडता.
मी केसांचा मखमली रबर काढला,
बर्डीवर दहाला तीन मिळतात तसला, मरून,
आणि गिटारच्या मानेवर, खुंट्यांजवळ चढवला.
सरांनी पाहिलं.
"हे तं चिटिंग हाय."
मग थोडं थांबून, "अजून हाय का एखादा?"

शेवटच्या गाण्यात दोन मात्रांची जागा होती
जिथं कोणीच वाजवायचं नाही.
ढोलकी थांबली, कीबोर्ड थांबला.
मी तळहात टेकवला, बोटं सैल सोडली,
मोकळे केस तोंडावर आले, फुंकले नाहीत.
समोर खुर्च्या, चार हजार माणसं,
एका बाईच्या मांडीवर झोपलेलं पोर,
आणि तारांमधून काहीच नाही,
खरंच काही नाही.

मागून कोणीतरी ओरडलं,
"बंद पडलं का बे?"

सर हसले. खांदे हलले त्यांचे.
थोटूक हललं नाही.