मुद्देमाल

ओल्ड गोवा ठाण्यात मी रायटर होतो तेव्हाची गोष्ट.
दिवाडीच्या फेरीबोटीतून भाताचं पोतं घेऊन
सिप्रियान बार्रेटो आले,
वय शहात्तर, पायात रबरी चपला, डोक्यावर हॅट.
पोत्यात भात नव्हता.

टेबलावर त्यांनी ती ठेवली
जिवंत कुर्ली धरावी तशी,
मागून, नांग्या टाळून.
घडीचा तारेचा दस्ता. बगलेवर लिस्बनचा शिक्का.
‘कारखान्याच्या नावाचा अर्थ चांदीचा हात,’ ते म्हणाले.
मी लिहिलं : लोखंडी, स्वयंचलित, जुनी, नग एक.

एकसष्टच्या डिसेंबरात कुणा पाखल्यानं
पळता पळता ती खाडीत फेकली असावी.
मानशीच्या जाळ्यात बापाला मिळाली,
शेवटे, सुंगटं आणि ही.
शेवटे त्याच रात्री संपले.

तिच्यापायी पोरगा संग्राहक झाला.
दुसरी कधी मिळाली नाही,
पण पुस्तिका आल्या, नकाशे आले,
परदेशातल्या वेड्यांची पत्रं आली.
एकाच नगाचा कसला संग्रह, मी विचारलं.
‘कपेलांत सायब कितले आसतात?’

हिच्या पुढच्या नंबराची बहीण
बर्नजवळ एका दंतवैद्याच्या भिंतीवर आहे म्हणे.
परवाना फ्रेममध्ये, बोल्ट वेगळ्या तिजोरीत,
भांडलेलं जोडपं दोन खोल्यांत झोपावं तसं.
विलायतेत नळीत पोलाद ओततात,
आवाज काढून घेतात, मग म्हणतात, ठेव.
अमेरिकेत एक तारीख आहे, शहाऐंशीच्या मे महिन्यातली.
तिच्या आधी वहीत नाव चढलं असेल तर घराएवढी किंमत,
नसेल तर तुरुंग.
लोखंड तेच हो, मांद्रेकार, स्प्रिंगसुद्धा तीच.

‘आणि आपल्याकडे?’
‘आपल्याकडे ती नसतेच.
म्हणून अठ्ठावन्न वर्षं ती नव्हती.
पेटाऱ्यात नव्हती, आईच्या लग्नातल्या शालीखाली नव्हती.
दर मे महिन्यात, पावसाआधी,
मी तिला तेल लावत नव्हतो.’

निवडणुकीचे दिवस होते.
शेतकऱ्यांच्या एकनळ्या मालखान्यात जमा,
प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी,
आणि रानडुकरांना आचारसंहितेत मोकळं रान.
फौजदार जेवायला गेले होते.
मी विचारलं, मग आजच का?

त्यांनी शर्टाच्या आतून प्लास्टिकची फाइल काढली.
लेस्टरचा कागद. मुलगा.
पणजीत पासपोर्ट परत दिल्याचा दाखला,
शिक्का ओला असताना कुणाचं तरी बोट लागलेलं.
आजोबाची जन्मनोंद लिस्बनला सापडली,
शनिवारी विमान, पुढे स्विंडन, गोदामात नोकरी.

‘ती तिथून आली, तो तिथे चालला.
त्याच्यासाठी कागद निघाला.
हिच्यासाठी काही निघत नाही का?
जन्माचा दाखला हवा तर
नंबर आहे, साल आहे, गाव आहे.’

मी हसलो. ते हसले नाहीत.
मग पंच बोलावले, एक पाववाला, एक फेरीचा खलाशी.
दोघांनी सह्या करताना हात पँटला पुसले.

पावती त्यांनी दोनदा वाचली,
‘दस्त्याची घडी’ हे शब्द राहिले म्हणून परत दिली,
मी ते लिहिले, आद्याक्षरं घातली.
ती फाइलमध्ये गेली, मुलाच्या कागदामागे.
‘देव बरें करूं,’ म्हणाले आणि उठले.
दारातून वळून खिशातली छोटी बाटली ठेवली,
खोबरेल नव्हे, शिलाई मशीनचं तेल.
‘पावसाआदीं एकदां.’

बाटलीसाठी रजिस्टरात रकाना नव्हता.
ती वितळवायचा हुकूम कधी आला, आला की नाही,
मला ठाऊक नाही, जूनमध्ये माझी काणकोणला बदली झाली.
जाण्याआधी मालखान्याच्या कुलपात दोन थेंब सोडले.
वर्षानुवर्षं करकरणारं कुलूप,
आवाज न करता उघडलं.