तिसरा चष्मा

पेटीतून तीन चष्मे निघाले. मुलं एकतीस.
सोबत थर्माकोलचे साचे, जाड माहितीपुस्तिका
आणि सही करून परत पाठवायचा एक कागद.
शाळा एल आल्तोला, चार हजार मीटर उंचीवर.
इथे पाणी लवकर उकळतं आणि उगाच उकळतं,
बटाटा कच्चाच राहतो.

मार्च महिना. आमच्याकडे समुद्राचा दिवस असतो,
समुद्र नसतो.
कुणाच्या तरी पणजोबांच्या काळात तो लढाईत गेला,
तेव्हापासून दर वर्षी पोरं निळे कागद कापतात,
बँड वाजतो, भाषणात आम्ही ‘आमचा’ म्हणतो.
खरं सांगायचं तर मीही तो पाहिलेला नाही.
आमच्या आयमारात त्याला धड शब्दही नाही,
तळ्याच्या शब्दावर स्पॅनिश टोपी ठेवून
लामार कुता म्हणतो
आणि वेळ मारून नेतो.

तीन रांगा केल्या. प्रत्येकाला तीन मिनिटं.
पहिल्या चष्म्यात फ्रेडी.
“पाणी,” म्हणाला. “खूप पाणी.” मग, “पक्षी!”
आणि पक्षी धरायला गेला तो थेट फळ्यावर.
दुसऱ्यात नोएमी. तिला गरगरलं,
दप्तरावर डोकं टेकून बसली,
कोकाच्या पानांचा चहा पाजला तेव्हा कुठे रंग परतला.

तिसरा योसेलिनच्या डोक्यावर.
वेण्यांमुळे पट्टा बसेना, मी सैल करून दिला.
“काय दिसतंय? सांग ना!” रांग ओरडली.
ती गप्प. बराच वेळ गप्प.
मग हळूच म्हणाली,

“येतंय.
येतंय आणि परत जातंय, काहीतरी विसरल्यासारखं.
काठाला फेस आहे,
आई पोयेरा धुवायची तेव्हा यायचा तसा,
पण धुणारं कुणी नाही.
थांबा, आहे. लांब एक बाई उभी आहे,
गुडघाभर पाण्यात. पाठमोरी.
थंड आहे हो बाई, पायाखालची वाळू ओढून नेतंय.
वास येतोय,
डब्यातल्या सार्डिनचा, पण जिवंत.”

वासाशी मी थबकले.
वास येत नाही, एवढं तरी माहितीपुस्तिकेत होतं.
वाकून पाहिलं: कडेचा हिरवा दिवा बंद.
रात्रभर प्लगला लावला होता,
पण त्या प्लगचा भरवसा कुणी द्यावा?
माझ्या हजेरीपटात योसेलिनपुढे
पालक या रकान्यात मावशीचं नाव आहे,
आणि पेन्सिलीने, कंसात, इकीके.
इकीके समुद्रावर आहे. सीमेपलीकडे.
तिथे भांडी घासायला बायका लागतात.

बोलायला तोंड उघडलं, आणि म्हटलं,
“पुढचा.”

पुढचा विल्मर. वर्गातला सगळ्यात खरा बोलणारा,
कुणी खोडरबर चोरलं तरी नाव सांगणारा.
त्याने चष्मा चढवला.
मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली.
त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.
आता सांगेल, मला वाटलं. आता सगळं संपेल.

“आहे का अजून ती बाई?”
योसेलिन विचारत होती, नखं खात.

“आहे,” विल्मर म्हणाला.
“थोडी अलीकडे आलीये. आता घोट्यापर्यंतच पाणी.
आणि मोठा पक्षी आहे, पण तो काही करत नाही.”

मग रुबेन, मग दोघी जुळ्या.
पहिल्या दोन चष्म्यांच्या रांगा हळूहळू विस्कटल्या,
सगळी पोरं तिसऱ्यामागे.
कुणी तिच्या हातात पिशवी दिली,
कुणी पिशवीत लाल बूट घातले, मुलीच्या मापाचे.
नोएमीलासुद्धा या समुद्रात गरगरलं नाही.
घंटा झाली तेव्हा बाई वाळूवर होती,
पण अजून वळली नव्हती.
“उद्या,” पोरं एकमेकांना म्हणाली,
जणू त्यात माझा काही संबंध नाही.

त्या कागदावर विचारलं होतं:
चालू स्थितीतील उपकरणे किती?
मी लिहिलं, तीन.
सही केली, शाळेचा शिक्का मारला.
आणि तिसऱ्याची वायर गुंडाळून
माझ्या पिशवीत घालून घरी नेली,
उद्या कुणी चुकून तो चार्ज करायला नको.