धोपाव्याची फेरी

दापोलीच्या पालशेतकर मॅडमनी
गोळ्यांसोबत एक वही दिली.
भीती वाटली की आकडा लिहायचा.

पहिल्या सोमवारी दाभोळच्या धक्क्यावर नुसता उभा.
'फेरीबोट बुडणार' : शंभर.
पलीकडे धोपावे. लेकीचं बाळ सात महिन्यांचं झालं,
फोटोतच.

"पुरावा काय?" मॅडम विचारतात.
छातीतली धडधड, दुसरं काय.
ती तर इंजिनालापण असते, म्हणाला तिकीटवाला मुबीन,
खुशाल माझी वही वाचत.

मग साखळीला हात. ऐंशी.
चढलो, भोंग्याआधी उतरलो. सत्तर.
मधेच एकदा पुन्हा पंच्याण्णव.

आज खाडीच्या मध्यावर पेन काढलं
तर कुणाच्या पाटीतून खेकडे सुटले,
पायांखालून, गाड्यांखालून.
सगळे ओणवे. मीही.

धोपावे आलं.
वहीत जातानाचा रकाना रिकामा.
परतीचा मात्र लिहून ठेवलाय :
साठ.